पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

दुधना नदीच्या खोऱ्यात, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बदनापूर हे तालुक्याचे गाव आहे. पावसाळ्याच्या दिवसांत या भागातील शिवारातून हिंडताना एखाद्या जुन्या विहिरीवर झुकलेली बाभूळ दृष्टीस पडते आणि तिच्या फांद्यांना गवताचे लांबट खोपे वाऱ्यावर झुलताना दिसतात. खाली खोल पाणी, वर काटेरी फांद्या आणि मध्ये अधांतरी लोंबणारे ते घर! ते विणायला ना सुई, ना दोरा. एका इवल्याशा चोचीने पात्यात पाते गुंतवून ते तयार झालेले असते. कितीही वारा सुटला तरी ते सहसा तुटून पडत नाही आणि सापासारख्या शत्रूला तेथवर पोहोचणे अवघड जाते.

हे खोपे ज्या पक्ष्याचे, त्याला मराठी माणसाने सुगरण असे नाव दिले आहे. घरकामात निपुण असलेल्या गृहिणीस आपल्याकडे सुगरण म्हणतात. इतके सुबक घर बांधणारी पाखरीणही तशीच निपुण असली पाहिजे, असे लोकांना वाटले आणि ते नाव रूढ झाले. परंतु हा खोपा खरोखर कोण बांधतो? नर की मादी? एकाच झाडावर काही खोपे पूर्ण आणि काही अर्धवट सोडलेले का आढळतात? एका खोप्यात पिले वाढत असताना शेजारी नवा खोपा कोण विणू लागतो? हे खोपे शेकडो वर्षे माणसांच्या डोळ्यांसमोर लोंबत होते. तरीही या प्रश्नांची नीट संगतवार उत्तरे कोणी दिली नव्हती. ती उत्तरे शोधण्यासाठी १९३० च्या पावसाळ्यात एक मनुष्य कुलाबा जिल्ह्यातील किहीम या समुद्रकाठच्या गावी झाडाखाली तासन्‌तास बसून राहिला. तो मनुष्य म्हणजे थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती आणि हातात नोकरीही नव्हती.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका मोठ्या मुसलमान कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. सलीम एक वर्षाचा असताना वडील वारले आणि तो तीन वर्षांचा होतो न होतो तोच आईचेही छत्र हरपले. पोरक्या झालेल्या या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी केला. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. मुंबईच्या खेतवाडी भागातील त्यांच्या घरात ही भावंडे मायेच्या सावलीत वाढली.

अमिरुद्दीन यांना शिकारीची मोठी हौस होती. त्या काळी शिकार हा मर्दानी खेळ समजला जाई आणि वन्य प्राण्यांची संख्या घटत चालली आहे, ही जाणीव फारशी कोणाला नव्हती. मामांनी लहानग्या सलीमला एक छर्र्यांची बंदूक आणून दिली. मोठेपणी मोठा शिकारी व्हावयाचे, असे स्वप्न उराशी बाळगून तो मुलगा घराच्या आसपास चिमण्या टिपू लागला.

एके दिवशी त्याने अशीच एक चिमणी मारली. ती हातात घेतल्यावर त्याचे लक्ष तिच्या गळ्याकडे गेले. तेथे एक पिवळा ठिपका होता. नेहमीच्या घरचिमणीला असा ठिपका नसतो. मग हा पक्षी कोणता? तो खाण्यास धर्माने मुभा आहे की नाही, अशीही शंका त्याच्या मनात आली. त्याने ती चिमणी मामांना दाखविली. मामांना तिचे नाव सांगता येईना. परंतु त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. प्राणी व वनस्पती यांचा अभ्यास करण्यासाठी १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही संस्था होय. मामांनी तिचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे एक चिठ्ठी लिहिली आणि सलीमला तिकडे पाठविले.

तो काळ इंग्रजी अमलाचा होता. एका बड्या इंग्रज साहेबास भेटावयाचे, या कल्पनेने मुलाची छाती धडधडत होती. कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन तो भीतभीतच कचेरीत शिरला. परंतु मिलार्ड यांनी त्याचे हसून स्वागत केले. चिमणी पाहताच त्यांनी तिची जात ओळखली. ही रानात राहणारी, पिवळ्या गळ्याची चिमणी होती. एवढ्यावरच न थांबता त्यांनी मुलाला संस्थेचा संग्रह दाखविला. कपाटाचे एकेक खण उघडले जाऊ लागले आणि त्यांत ओळीने मांडून ठेवलेले, पेंढा भरलेले शेकडो पक्षी सलीमच्या दृष्टीस पडले. आपल्या देशात पक्ष्यांच्या इतक्या जाती आहेत, याची त्याला कल्पनाही नव्हती. मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांविषयीची पुस्तके वाचावयास दिली आणि पक्ष्यांचे नमुने कसे जतन करावेत, हे शिकण्याची सोय करून दिली. शिकारी होऊ पाहणाऱ्या त्या मुलाच्या मनात त्या दिवशी निराळेच कुतूहल जागे झाले. पक्षी मारण्यापेक्षा त्याला ओळखण्यात अधिक आनंद आहे, हे त्याला हळूहळू उमगू लागले.

शाळेत मात्र सलीमची प्रगती बेताचीच होती. त्यास डोकेदुखीचा त्रास असल्याने शिक्षणात वारंवार खंड पडे. १९१३ मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात त्याने नाव घातले. परंतु अभ्यासक्रम अवघड वाटून त्याने ते सोडले आणि घरच्या व्यवसायात मदत करण्यासाठी तो ब्रह्मदेशास गेला. तेथील तव्हॉय भागात त्याच्या कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यापार होता. खाणीभोवती घनदाट अरण्य पसरलेले होते. हिशेबाच्या वह्यांपेक्षा त्या अरण्यातील पाखरांकडेच सलीमचे लक्ष अधिक असे.

काही वर्षांनी मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले. त्याचबरोबर सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने ते प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. त्यानंतर ते पुन्हा ब्रह्मदेशास गेले. परंतु व्यापार बुडाला आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. पक्ष्यांचा अभ्यास हेच आपले जीवितकार्य, असा त्यांनी मनाशी निश्चय केला. मात्र पक्षिशास्त्रज्ञाची जी सरकारी जागा त्यांना हवी होती, ती पदवी नसल्यामुळे मिळू शकली नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, प्राण्यांच्या दालनात येणाऱ्यांस माहिती देण्याचे काम त्यांना मिळाले.

या कामात त्यांचे मन रमले. परंतु आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव त्यांस स्वस्थ बसू देईना. पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेण्याची सोय तेव्हा भारतात नव्हती. म्हणून अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील विख्यात पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझमान यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. पक्ष्यांचे केवळ नमुने गोळा करून त्यांची नावे लावणे म्हणजे पक्षिशास्त्र नव्हे. जिवंत पक्षी कसा राहतो, काय खातो, घर कसे बांधतो, कोठून येतो व कोठे जातो, हे समजून घेणे म्हणजे खरा अभ्यास, ही दृष्टी त्यांना येथे लाभली. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून त्यांच्या प्रवासाचा मागोवा कसा घेतात, तेही त्यांनी पाहिले.

नवे ज्ञान घेऊन १९३० मध्ये ते मोठ्या उमेदीने परतले. परंतु मुंबईत पाऊल ठेवताच त्यांना कळले की, पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झाली आहे. घरी पत्नी, हाती विद्या. पण उत्पन्नाचे साधन नाही. असा प्रसंग आला असता कोणीही खचून गेला असता. सलीम अली यांनी मुंबईचा खर्चिक संसार आवरला आणि अलिबागजवळ किहीम येथे असलेल्या घरी ते पत्नीसह राहावयास गेले.

पावसाळा सुरू झाला. भाताची खाचरे हिरवी झाली. घराजवळच्या झाडावर सुगरणींची एक वसाहत होती आणि तेथे पाखरांचा कलकलाट सुरू झाला होता. दुसऱ्या एखाद्याने नोकरीच्या विवंचनेत त्या आवाजाकडे लक्षही दिले नसते. सलीम अलींनी मात्र वही व दुर्बीण उचलली आणि आडोसा करून ते त्या वसाहतीचे निरीक्षण करू लागले. कोणता पक्षी गवत आणतो, कोणता विणतो, कोणता खोपा किती दिवसांत किती वाढतो, याची टिपणे ते रोजच्या रोज करीत. दिवसांमागून दिवस गेले, आठवडे गेले आणि सुगरणीच्या संसाराचे कोडे एकेका धाग्याने उलगडू लागले.

प्रथम त्या झाडावर जी पाखरे खोपे विणीत होती, ते सारे नर होते. विणीच्या हंगामात सुगरणीच्या नराचे डोके व छाती पिवळीधमक होते. मादी मात्र वर्षभर चिमणीसारखी मातकट रंगाची असते. त्यामुळे नर व मादी ओळखणे अवघड नसते. नर गवताच्या अथवा भाताच्या पात्याला कडेशी चोचीने चीर पाडी, ती धरून उडे आणि त्या झेपेबरोबर पात्याची लांब चिंधी निघून येई. अशा शेकडो चिंध्या आणून तो त्या फांदीला गुंडाळी, गाठी मारी व विणत जाई. खोपा टोपीसारखा अर्धा झाला की, त्याच्या तोंडाशी एक आडवा पट्टा तयार होई. येथवर आल्यावर नर काम थांबवी.

मग एके दिवशी माद्यांचा थवा येई. त्याबरोबर सारे नर आपापल्या अर्धवट खोप्याला लटकून पंख फडफडवीत आणि मोठ्याने ओरडून त्यांना बोलावू लागत. माद्या मात्र घाई करीत नसत. एखादी मादी खोप्यात शिरे, आडव्या पट्ट्यावर बसे, विणीला चोचीने ओढून पाही आणि पसंत न पडल्यास शेजारच्या खोप्याकडे उडून जाई. ज्याचा खोपा मादीला पसंत पडे, तो नर पुन्हा कामाला लागे. एका बाजूस अंड्यांसाठी गोल खोली आणि दुसऱ्या बाजूस खाली उतरणारी लांब नळी विणून तो घर पुरे करी. मादी आतून मऊ अस्तर लावी. ज्याचा खोपा कोणालाच पसंत पडत नसे, त्याचे काम तसेच अर्धवट राही. झाडावर लोंबणाऱ्या अपुऱ्या खोप्यांचे रहस्य ते हेच. घर बांधणारा नर आणि घर पारखणारी मादी, असा हा प्रकार होता.

पुढचा भाग तर अधिक नवलाचा होता. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालून ती उबवू लागली की, नराचे तेथले काम संपे. तो जवळच दुसरा खोपा विणावयास घेई. तोही अर्धा झाला की दुसऱ्या मादीला बोलावी. अशा रीतीने एकाच हंगामात एकेका नराचे अनेक संसार एकामागून एक उभे राहत. सुमारे पंधरा दिवस अंडी उबविणे आणि नंतर पिलांना किडे भरविणे, हा भार मुख्यतः मादीच वाहत असे. लोकांनी ज्या पाखराला सुगरण म्हटले, ते घर विणणारे पाखरू मादी नसून नर आहे; परंतु घरात राहून पिले वाढविणारी मात्र मादीच आहे, हे आता स्पष्ट झाले. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सलीम अलींनी हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पक्षितज्ज्ञांत त्यांचे नाव झाले. नोकरी गेल्याने जो रिकामा वेळ मिळाला, त्यातूनच त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला.

सुगरण आपल्या खोप्यात ओल्या मातीचे गोळे चिकटविते. रात्री घरात उजेड पडावा म्हणून त्या मातीत ती काजवे बसविते, अशी एक लोककथा आहे. कथा गोड आहे. परंतु शास्त्र कथेवर थांबत नाही. मातीच्या वजनाने व लेपाने खोपा वाऱ्यात स्थिर राहत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. सलीम अलींची रीत हीच होती. ऐकलेल्या गोष्टीचा ते उपहास करीत नसत आणि पाहिल्यावाचून ती खरीही मानीत नसत.

त्या काळी आपल्या देशात अनेक संस्थाने होती आणि त्यांच्या हद्दीत कोणते पक्षी राहतात, याची व्यवस्थित नोंद फारशी झालेली नव्हती. सलीम अलींनी एक युक्ती योजिली. तळ ठोकण्याचा व प्रवासाचा खर्च संस्थानाने सोसावा. आपण पक्ष्यांची पाहणी मोबदला न घेता करू, असे त्यांनी सुचविले. याप्रमाणे १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. बदनापूर, जालना आणि सारा मराठवाडा तेव्हा याच निजामाच्या राज्यात मोडत असे. पुढे त्यांनी त्रावणकोर, कोचीन व अन्य संस्थानांतही अशाच पाहण्या केल्या.

या खडतर भटकंतीत तेहमिना सावलीसारख्या त्यांच्याबरोबर असत. इंग्लंडमध्ये शिकलेल्या आणि सुखवस्तू घरात वाढलेल्या या स्त्रीने राहुट्यांतील जीवन आनंदाने पत्करले. तळाची सारी व्यवस्था त्या पाहत आणि पतीचे लेखन सुबोध व्हावे म्हणून त्यातील भाषेकडेही लक्ष पुरवीत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अंत झाला. हा आघात सलीम अलींना फार मोठा होता. बहीण व मेहुणे यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला आणि दुःख गिळून ते पुन्हा कामास लागले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. पूर्वी अशी पुस्तके जाणकारांसाठी असत. हे पुस्तक साध्या वाचकासाठी होते. रंगीत चित्र पाहावे, चार ओळी वाचाव्या आणि अंगणातला पक्षी ओळखावा, अशी त्याची मांडणी होती. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात असताना जवाहरलाल नेहरूंनी हे पुस्तक आपली कन्या इंदिरा हिला पाठविले होते. त्या वेळी तीही नैनीच्या तुरुंगात होती. या पुस्तकाने असंख्य भारतीयांस पक्षी पाहण्याचा छंद लावला. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा महाग्रंथ लिहिला. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे खंड प्रसिद्ध झाले. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती.

निसर्गाने त्यांच्यापुढे आपली सारीच गुपिते उघडी केली, असे मात्र नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरउतारांवर एक लहानसा पहाडी लावा राहत असे. १८७६ नंतर तो खात्रीने कोणाला दिसलेला नाही. सलीम अलींनी त्याच्या शोधासाठी मोहीम काढली. परंतु ती निष्फळ ठरली. तो लावा सापडला नाही, हे त्यांनी जगापासून लपविले नाही. जे पाहिले ते लिहावयाचे आणि जे आढळले नाही ते आढळले नाही, असे सांगावयाचे, हा शास्त्रज्ञाचा धर्म त्यांनी आयुष्यभर पाळला. नाहीशा झालेल्या पक्ष्याची वाट पाहणे किती दुःखाचे असते, हे या शोधाने शिकविले. म्हणूनच जे पक्षी अद्याप उरले आहेत त्यांना जपले पाहिजे, असा आग्रह ते धरीत.

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशाअभावी अडचणीत सापडली, तेव्हा त्यांनी खटपट करून तिला सरकारचे साहाय्य मिळवून दिले. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ क्षेत्र ही एके काळी राजेलोकांची शिकारीची जागा होती. तेथील पाणी काढून टाकून ती जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. हिवाळ्यात दूर देशांहून येणाऱ्या हजारो पाणपक्ष्यांचा आसरा नष्ट होणार होता. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंना त्या स्थानाचे महत्त्व पटवून दिले आणि ते वाचले. आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. लहानपणी हाती बंदूक धरणाऱ्या मुलाने मोठेपणी शिकारीच्या जागेचे पक्ष्यांच्या माहेरघरात रूपांतर घडविण्यास हातभार लावला. अभ्यासासाठी नमुने म्हणून त्यांनीही पक्षी मारले होते. परंतु विनाकारण कोणत्याही जिवाची हत्या करणे त्यांना मान्य नव्हते.

पक्ष्यांचे रक्षण म्हणजे केवळ हौस नव्हे, हे ते आवर्जून सांगत. पक्षी पिकांवरील किडी खातात, उंदरांची संख्या आटोक्यात ठेवतात, फुलांचे परागीकरण करतात आणि फळांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. बदनापूर येथे तूर व अन्य कडधान्यांवर संशोधन करणारे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी ही या पिकाची मोठी शत्रू होय. अशा अळ्यांना आळा बसावा म्हणून शेतात काठ्यांचे पक्षिथांबे उभारावेत, असा सल्ला कृषितज्ज्ञ शेतकऱ्यांना देतात. त्या थांब्यावर कोतवालासारखे पक्षी येऊन बसतात आणि पिकातील अळ्या टिपतात. पाखरू हे शेतकऱ्याचे मित्र आहे, या विचाराचेच हे प्रत्यक्ष रूप आहे.

सलीम अलींना उतारवयात अनेक मानसन्मान लाभले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. पदवी नसलेल्या या मनुष्यास विद्यापीठांनी आपण होऊन सन्मानाच्या पदव्या दिल्या. एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीस देऊन टाकली. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही ती लहानपणीची चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

बदनापूरहून पश्चिमेस निघालेला रस्ता छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो. त्या शहरात दिल्ली दरवाजाजवळ एक तलाव आहे. त्याला सलीम अली सरोवर असे नाव देण्यात आले आहे. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिवस होय.

परंतु त्यांचे खरे स्मारक दगडामातीचे नाही. एका मुलाने मेलेल्या चिमणीच्या गळ्यावरील पिवळा ठिपका पाहिला आणि तो का आहे, असे विचारले. मामांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही आणि परक्या देशातील एका गृहस्थाने त्याला आपली कपाटे उघडून दाखविली. त्या एका प्रश्नातून एका देशाच्या पक्षिविद्येची वाट रुंद झाली. निसर्गाची कोडी दूरच्या बेटांवर किंवा निबिड अरण्यातच असतात, असे नाही. ती विहिरीवरच्या बाभळीलाही टांगलेली असतात. ती सोडविण्यास लखलखीत उपकरणे लागतातच असे नाही. दोन सावध डोळे, एक वही आणि न कंटाळणारे मन एवढे भांडवल आरंभाला पुरते. पावसाळा येईल, भाताची व गवताची पाती लांब होतील आणि पिवळ्या डोक्याचा तो विणकर पुन्हा आपल्या कामाला लागेल. विहिरीवरची बाभूळ तोवर उभी राहिली पाहिजे आणि तिच्याकडे पाहणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे.